पॉवर भरपूर, तरी एरर

लांब पल्ल्याच्या फायबरविषयी बडोद्याच्या वाचकांनी पाठवलेल्या चार पत्रांना या वेळी उत्तरं देत आहोत. पहिलं उत्तर जरा लांबलंय, पण पुढच्या तिघांनाही त्यातले आकडे लागणार आहेत.

प्रश्न (दांडिया बाजार): बडोदे ते अहमदाबाद डार्क फायबरची (म्हणजे आपली उपकरणं आपणच लावायच्या रिकाम्या फायबरची) एक जोडी भाड्याने घेतली आहे. ओटीडीआरवर (फायबरची लांबी मोजणाऱ्या यंत्रावर) लांबी 118 किमी, फायबर जी.652, म्हणजे नेहमीचं साधं. दोन्ही टोकांना 80 किमी पल्ल्याचे 10जी (सेकंदाला 10 गिगाबिट) एसएफपी, म्हणजे प्रकाशाचा सिग्नल पाठवणारे-घेणारे मॉड्यूल, आणि पुढे प्रकाश वाढवणारा बूस्टर. पलीकडे उणे 19 डीबीएम (पॉवरचं माप; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश क्षीण) पोचतात, एसएफपीची मर्यादा उणे 24 आहे. तरी सीआरसी एरर (डेटा बिघडून पोचल्याच्या खुणा) थांबत नाहीत. बूस्टर 2 डीबी चढवून पाहिला, काही फरक नाही.

उत्तर: फरक पडणारही नाही. ते 2 डीबी आधी उतरवा. एकाच चॅनेलमध्ये 10 डीबीएमच्या आसपास पॉवर ढकलली की ब्रिल्वां स्कॅटरिंगमुळे प्रकाश उलटा परतू लागतो आणि नवंच दुखणं मागे लागतं.

मग एक सोपी चाचणी करा. दोन्ही एसएफपी एकाच खोलीत आणा, मध्ये फक्त पॅचकॉर्ड (फायबरची छोटी वायर) आणि अटेन्युएटर (प्रकाश कमी करणारा) ठेवा, आणि रिसीव्हरला तेच उणे 19 मिळतील असं जुळवा. कनेक्टर त्याआधी पुसून स्कोपखाली बघून घ्या. तासभर चालवून एकही एरर आली नाही, तर एसएफपी निर्दोष आणि पॉवरही पुरेशी. दोष 118 किमीच्या काचेत आहे, आणि बहुधा त्याचं नाव क्रोमॅटिक डिस्पर्शन, म्हणजे वेगवेगळ्या तरंगलांबी वेगवेगळ्या वेगाने धावल्याने पल्स पसरणं.

जी.652 फायबरचं डिस्पर्शन 1550 नॅनोमीटरला दर किलोमीटरमागे सुमारे 17 पिकोसेकंद प्रति नॅनोमीटर असतं. (पुढचे डिस्पर्शनचे आकडे पिकोसेकंद प्रति नॅनोमीटरमध्येच आहेत.) 118 गुणिले 17 म्हणजे 2006. 80 किमीच्या एसएफपीला साधारण 1600 पर्यंतच झेपतं. नेमका आकडा त्याच्या डेटाशीटमध्ये बघा. 10जी सिग्नलची रुंदी ढोबळमानाने 0.08 नॅनोमीटर धरली, तर पल्स 160 पिकोसेकंद पसरते. एका बिटची जागा मात्र 100 पिकोसेकंदांचीच. म्हणजे शेजारचे बिट एकमेकांत घुसतात, आणि बूस्टर तो गोंधळही इमानेइतबारे मोठा करून देतो.

उपाय डीसीएमचा, म्हणजे डिस्पर्शन कॉम्पेन्सेशन मॉड्यूलचा. डबीत उलट्या चिन्हाच्या डिस्पर्शनचं फायबर गुंडाळलेलं असतं. तुम्हाला '60' क्रमांकाचा पुरेल. हा आकडा आतल्या फायबरच्या लांबीचा नाही. 60 किमी जी.652 फेडण्याची ताकद तो सांगतो, म्हणजे उणे 1020. उरतील 986. '40' लावलात तर 1326 उरतील, तेही मर्यादेत आहेत. पण उद्या केबल तुटून वळसा घालून जोडली आणि लांबी वाढली, तर हात आखडेल. बाकी शून्यावर आणायचा हट्ट नको, या एसएफपीला त्याची गरज नाही.

मॉड्यूल लावायची जागा महत्त्वाची. '60' ची इन्सर्शन लॉस (त्यातून जाताना होणारी पॉवरची घट) सहाएक डीबी असते. तो रिसीव्हरपाशी बसवलात तर उणे 19 चे थेट उणे 25 होतील आणि लिंकच पडेल. एसएफपी आणि बूस्टर यांच्या मधे बसवा: एसएफपीचे 0 डीबीएम, डीसीएमनंतर उणे 6, तिथून बूस्टर पुन्हा पूर्वीच्याच पातळीवर नेतो. मात्र बूस्टर कॉन्स्टंट पॉवर मोडमध्ये (आउटपुट ठरावीक ठेवणाऱ्या) हवा आणि उणे 6 त्याच्या इनपुट रेंजमध्ये बसायला हवेत. कॉन्स्टंट गेन मोडमध्ये (ठरावीक पटीनेच वाढवणाऱ्या) राहिला तर आउटपुटही 6 डीबी खाली येतं आणि खापर बिचाऱ्या डीसीएमवर फुटतं. बूस्टरच्या पुढे डीसीएम लावू नका. त्या फायबरचा गाभा बारीक असतो, जास्त पॉवरला सिग्नल त्यातच विकृत होतो.

आणि जोडीतल्या दोन्ही फायबरना एकेक, म्हणजे बडोद्याला एक आणि अहमदाबादला एक, असे दोन नग मागवा. एकच लावला की एका दिशेचे एरर थांबतात, दुसऱ्या दिशेचे तसेच राहतात.

प्रश्न (विद्यार्थी, महाराजा सयाजीराव विद्यापीठ): 1550 नॅनोमीटरला शून्य डिस्पर्शन असलेलं जी.653 फायबर मिळतं. मग तेच टाकून भरपाईची कटकट का मिटवत नाहीत?

उत्तर: एकच चॅनेल असता तर कल्पना उत्तम होती, आणि जपानमध्ये असं फायबर बरंच टाकलंही गेलं. डीडब्ल्यूडीएम, म्हणजे एकाच फायबरमधून अनेक तरंगलांबींचे चॅनेल पाठवणं, आलं आणि गणित फिरलं. डिस्पर्शन शून्य असलं की वेगवेगळ्या तरंगलांबींचे सिग्नल सोबतीने, एकाच वेगाने धावतात आणि फोर वेव्ह मिक्सिंगने नवे सिग्नल जन्माला घालतात. 3 चॅनेलमधून असे 9 निघू शकतात, 8 मधून 224. चॅनेलमधलं अंतर समान असेल तर त्यातले कित्येक नेमके चालू चॅनेलवरच पडतात, आणि तिथून ते गाळून काढता येत नाहीत. म्हणून वाटेत प्रत्येक किलोमीटरला थोडं डिस्पर्शन राहू द्यायचं आणि एकूण बेरीज तेवढी आटोक्यात ठेवायची. जी.655 फायबर याच विचारातून आलं. त्याचा आकडा 17 ऐवजी साधारण 4 ते 5 असतो. पहिल्या पत्रातली लिंक जी.655 वर असती, तर डीसीएम लागलाच नसता.

प्रश्न (अलकापुरी): बडोदे–मुंबई मार्गावर प्रत्येक टप्प्यात डीसीएम आहेत आणि 10जी चॅनेल चालू आहेत. आता 100जी कोहेरंट कार्ड बसवायची आहेत. डीसीएम काढू का?

उत्तर: 10जी चालू असेपर्यंत हात लावू नका, ते चॅनेल लगेच बंद पडतील. कोहेरंट रिसीव्हर प्रकाशाची फेजसुद्धा (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) मोजतो, त्यामुळे डिस्पर्शन तो गणितानेच उलटवतो. 17,000, म्हणजे 1000 किमीचं डिस्पर्शन, त्याला जड नाही. डीसीएमची त्याला गरज नाही; उलट त्यांच्यामुळे त्याचं थोडं नुकसानच होतं. 10जी सिग्नल चालू-बंद होणारा असतो आणि त्याच्या चढउतारांनी शेजारच्या 100जीची फेज हलते. भरपाई केलेल्या मार्गावर दर टप्प्याला पल्स पुन्हा एकमेकांसमोर येतात, म्हणून हा त्रास साचत जातो. दोन्ही गट तरंगलांबींच्या पट्ट्याच्या दोन टोकांना ठेवा, मधे काही चॅनेल रिकामे सोडा आणि 10जीची पॉवर 1–2 डीबी उतरवून बघा.

शेवटचं 10जी हललं की मग डीसीएम जरूर काढा. पण '80' चा एक नग निघाला की अॅम्प्लिफायरच्या दोन स्टेजच्या मधली सातेक डीबी लॉस जाते, तेव्हा गेन नव्याने जुळवावा लागेल. शिवाय डबीतलं तेराएक किलोमीटर फायबर वाचतं, म्हणजे दर नगामागे सिग्नलचा सुमारे 65 मायक्रोसेकंदांचा उशीर.

प्रश्न (रावपुरा): मे महिन्यातल्या उकाड्याने डिस्पर्शन बदलतं का?

उत्तर: बदलतं, पण 10जीला कळत नाही. दर अंशाला, दर किलोमीटरला सुमारे 0.002 एवढाच फरक. 100 किमीचं फायबर 20 अंशांनी तापलं तरी 4. आणि दीड मीटर खोल पुरलेली केबल एवढी तापतही नाही. 40जीच्या जुन्या चालू-बंद पद्धतीच्या कार्डांना मात्र जेमतेम 60 झेपायचे. तिथे पाचशे-हजार किलोमीटरवर हा फरक जाणवतो, म्हणून ट्यून होणारे डीसीएम वापरावे लागत. उन्हाळ्यातच एरर वाढत असतील, तर आधी शेल्टरचा (उपकरणं ठेवलेल्या खोलीचा) एसी आणि एसएफपीचं तापमान तपासा.