हाडांवरून काम ओळखायला शिकताय? आधी एवढं बघा

जुन्या सांगाड्यांच्या हाडांवरून माणूस काय काम करायचा ते ओळखायला शिकायचंय, सुरुवात कुठनं करू, असं सोलापूरहून कुणीतरी विचारलंय, ते वाचूनच लय भारी वाटलं बघा. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

एक, आधी वय बघायचं. स्नायू जिथं हाडाला चिकटतो तिथली खडबडीत जागा वयानं पण वाढते, मोठ्या अंगाच्या माणसात तर जास्तच, आणि नवीन लोकं नेमकं इथंच चुकतात, जाड कडा दिसली की लगेच "हा विणकर होता" म्हणून मोकळे. हाड धंदा सांगत नाही, हालचाल सांगतं.

दोन, उजव्या-डाव्या दंडाची हाडं शेजारी ठेवून बघा, एकाच माणसाचे दोन हात असल्यानं वय आपोआप बाजूला पडतं.

तीन, एका खुणेवर विसंबू नका. सिरियातल्या अबू हुरेरा या प्राचीन वस्तीचं बघा, तिथल्या बायकांच्या पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, गुडघा आणि कंबरेवर पण ताण, सगळं मिळून गुडघे टेकून दगडावर धान्य रगडण्याशी जुळलं आणि तसले दगड पण तिथं सापडले, म्हणून ते पटतं. आपल्या पाटा-वरवंट्यासारखंच काम की ते!

उकिडवं बसणाऱ्यांच्या घोट्याजवळ नडगीच्या खालच्या कडेला छोटी गुळगुळीत खूण असते, ती ओळखायला सोपी, तिथनंच सुरू करा. पण त्यावरून चुलीपुढं बसायचा का मागावर ते कळत नाही हां.

स्कॅन, गणितं वगैरे सध्या राहू द्या. आधी मानवी हाडांची नावं आणि बाजू पाठ करा, प्लास्टिकचा सांगाडा चालतो.