टेंट घ्या, पण प्लॅन उलटा करा

प्रश्न : आम्ही मेच्या शेवटी पुण्याहून स्वतःच्या गाडीने लेहला निघतोय. मी, नवरा, दोन मुलं (मोठा बारा, धाकटी सात) आणि सासूबाई, त्यांना बीपी आहे. नवऱ्याचं म्हणणं, पहिल्या रात्रीपासूनच टेंटमध्ये राहू, मनालीमार्गे चढू, वाटेत सर्चूला मुक्काम करू आणि श्रीनगरमार्गे परत येऊ. सुट्टी पंधरा दिवस. सासूबाईंना रोज वरणभात लागतो म्हणून शेगडीपण घेतोय. जमेल ना?
– एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल, पण आधी तो प्लॅन उलटा करा ताई, श्रीनगरकडून चढा आणि मनालीकडून उतरा.

मनाली आहे दोन हजार मीटरच्या आसपास आणि सर्चू बेचाळीसशेच्या वर, म्हणजे एका-दोन दिवसांत दुप्पट उंचीवर जाऊन झोपायचं. विरळ हवेचा त्रास रात्रीच जास्त होतो, डोकं ठणकतं, उलट्या होतात, आणि यावर खरा उपाय एकच, खाली उतरणं, पण सर्चूहून उतरणार कुठे, एका बाजूला बारालाचा ला (ला म्हणजे खिंड), दुसऱ्या बाजूला नकी ला नि लाचुंग ला, कुठूनही निघा आधी चढायचंच आहे! त्यात सात वर्षांची पोर आणि बीपीचं माणूस. नवरोबांना खुशाल सांगा की कॉलमवाल्या बाईंनी नाही म्हटलंय.

श्रीनगरकडून कसं होतं, सोनमर्गनंतर झोजी ला ३,५२८ मीटर, तो ओलांडून द्रासवरून तुम्ही कारगिलला परत २,७०० च्या आसपास उतरता, तिथे झोपायचं, दुसऱ्या दिवशी फोटू ला करून लेह. शरीराला जरा सवड मिळते. लेहला पहिले दोन दिवस नुसतं लोळा, मुलं कितीही कंटाळली तरी. सासूबाईंच्या डॉक्टरांना निघायच्या आधी भेटाच, आणि उंचीवरच्या गोळ्या कोणीतरी व्हॉट्सॅपवर सांगितल्या म्हणून घेऊ नका. परतताना सगळे रुळलेले असतील तेव्हा सर्चूला टेंट ठोका हवं तर, थंडी कडाक्याची असेल एवढंच. फक्त तो रस्ता उघडलाय का ते लेहमध्येच विचारा, बर्फामुळे दरवर्षी तारीख बदलते, आणि लेहजवळच्या कारूला टाकी फुल करा कारण मग थेट मनालीकडच्या टांडीपर्यंत पंप धरायचा नाही.

पहिल्या रात्रीपासून टेंट? मेमध्ये धुळे, इंदूर, कोटा या पट्ट्यात रात्रीसुद्धा भट्टी असते हो. तिथे साधं एसी हॉटेल घ्या, दिवसभर गाडी चालवणाऱ्याला झोप हवी, पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा. टेंट डोंगर लागल्यावर बाहेर काढा. मात्र निघायच्या आधी एखाद्या शनिवारी पवना धरणाकाठी सगळं सामान भरून, सगळ्यांना घेऊन एक रात्र राहून या, तिथेच कळेल की टेंट डिकीत तळाला गेलाय आणि टॉर्च कुणाच्या बॅगेत आहे ते कुणालाच माहीत नाही.

पंधरा दिवस मात्र तोकडे आहेत. पुणे ते श्रीनगर सव्वादोन हजार किलोमीटरच्या आसपास, रोज पाचशे धरले तरी साडेचार दिवस, तेवढंच जवळजवळ मनालीहून परत, वर लेहचा मुक्काम. अठरा-एकोणीस दिवस काढा, नाहीतर लेह सोडून काश्मीरच नीट बघा, त्यातही मजा आहे.

वरणभाताचं म्हणाल तर कुकर न्याच. लेहला पाणी नव्वद अंशांच्या आतच उकळतं, उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजता शिजत नाही. आणि शेगडी कितीही थंडी असली, बाहेर वारा असला, तरी टेंटच्या आत पेटवायची नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेत कळतसुद्धा नाही. वारा अडवायला गाडी आडवी लावा आणि तिच्या आडोशाला, टेंटपासून लांब, कुकर लावा. हो, एका तरी मोबाइलमध्ये पोस्टपेड सिम ठेवा, आपलं इकडचं प्रीपेड तिकडे चालत नाही.