कादंबरी काल्पनिकच असते, मग संशोधनात वेळ कशाला घालवायचा?

तुम्ही लिहिलंय की गोष्ट १९५६ च्या बेळगावातली आहे, आजोबांच्या तरुणपणाची, आणि सगळं काल्पनिकच आहे तर संशोधन कशाला. माझ्या मते याच गोष्टीला सगळ्यात जास्त लागेल. मी निपाणीचा, सीमाभागावरच लिहितोय, म्हणून इकडचीच उदाहरणं देतो.

१ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव मुंबई राज्यातनं म्हैसूर राज्यात गेलं हे आपल्याकडं शाळकरी पोरालाही पाठ असतंय. पण जुनं पंचांग काढून बघा, तो गुरुवार होता आणि ऐन दिवाळी. म्हणजे घरात फराळाचे डबे भरलेले, पोरं किल्ल्यावर मावळे मांडून बसलेली आणि त्याच दिवशी राज्य बदललं. आता आजोबांनी त्या संध्याकाळी आकाशकंदील लावला का नाही? हा प्रश्न पंचांग बघितल्याशिवाय सुचला नसता, आणि उत्तर मात्र तुम्हालाच रचायचंय, ते कुठल्या कागदात मिळणार नाही.

तसंच चंदगडचं. तोपर्यंत तो तालुका बेळगाव जिल्ह्यातच होता, जिल्हा म्हैसूरला गेला आणि चंदगड तेवढा मुंबई राज्यात राहिला, कोल्हापूरला जोडला. समजा आजीचं माहेर चंदगडकडचं, तर लग्नात दोन्ही घरं एका जिल्ह्यातली आणि नंतर माहेर परराज्यात, आणि ती बाई तर चुलीपासनं हललेली पण नाही. यातनं केवढी गोष्ट निघते बघा. अजून मागं गेलात तर शहापूर सांगली संस्थानात होतं, बेळगावातनं चालत गेलं तरी इंग्रजांचा मुलूख संपायचा, आता ४२ सालचा भूमिगत पोरगा त्या हद्दीचा काय उपयोग करेल याचा विचार करा.

पैशाचं बघून घ्या, नवे पैसे १ एप्रिल १९५७ ला आले, त्याआधी आणेच.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते म्हणजे पात्राला पुढचं काय माहीत नाही हे नीट ठरवणं. सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग १९६६ चा, महाराष्ट्रानं त्याच वादावर सुप्रीम कोर्टात दावा लावला २००४ ला. ५६ मधला माणूस यातलं काहीच जाणत नाही, त्याला मनापासनं वाटू शकतंय की वर्षभरात निकाल लागेल आणि आपण परत जाऊ. आपल्याला सगळं ठाऊक असल्यामुळं आपण नकळत त्याला आधीच हरलेला दाखवतो आणि तिथं त्या पिढीवर अन्याय होतो असं मला फार वाटतं.

म्हाताऱ्या माणसांशी बोलायला जाल तेव्हा "त्यावेळी काय वाटलं" असं विचारू नका, सगळे भाषण करतात. त्या दिवाळीत घरात काय केलं होतं, दुकानं उघडी होती का, शाळेत मास्तर कोण होते, असं विचारा. निपाणीत विडी वळणाऱ्या बायकांकडनं मला असंच कळलं की मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि वाईट म्हणून काढून टाकलेल्या विड्यांचं नुकसान त्यांच्याच अंगावर, त्यावरनं माझं अख्खं प्रकरण बदललं.

जुने तरुण भारतचे अंक वाचनालयात बघायला मिळतात का विचारा, बातम्यांपेक्षा जाहिराती आणि भाव आधी वाचा. घरात जुने जमिनीचे कागद असतील तर ते मोडीत असू शकतात, वाचणारा शोधा. आणि आजी-आजोबांपैकी कोणी हयात असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून ह्याच आठवड्यात त्यांच्याजवळ जाऊन बसा.