कर्मणी प्रयोग म्हणजे पॅसिव्ह व्हॉइस नव्हे
इंग्रजीची उजळणी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलगी दहावीत आहे, इंग्रजी माध्यमात. घरी मी तिला मराठी व्याकरणाच्या आधाराने समजावते. 'अहिल्याबाईंनी महेश्वरला घाट बांधले' हा कर्मणी प्रयोग, म्हणून इंग्रजीतही हे पॅसिव्ह, असं सांगितलं. शाळेत ते चूक ठरलं. गफलत कुठे झाली? – एक आई, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : गफलत तुमची एकटीची नाही. कर्मणी प्रयोग आणि पॅसिव्ह व्हॉइस एकच, असं अनेक घरांत सांगितलं जातं आणि ते मुलांना फार महागात पडतं.

मराठीत प्रयोग ठरतो तो क्रियापद कोणाशी जुळतं यावर. घाट बांधले, विहीर बांधली, मंदिर बांधलं : क्रियापद कर्मामागे चाललं, म्हणून कर्मणी. इंग्रजीत मात्र पाहायचं ते एवढंच, की कर्त्याच्या जागी बसलेलं नाम काम करतं की त्याच्यावर काम होतं. अहिल्याबाई बांधतात, म्हणून 'अहिल्याबाई बिल्ट घाट्स ॲट महेश्वर' हे सरळ ॲक्टिव्ह. तेच वाक्य वर्तमानकाळात घेऊन बघा. 'अहिल्याबाई घाट बांधतात' म्हणताच मराठीत कर्तरी प्रयोग झाला, पण इंग्रजीतला व्हॉइस तसूभर हलला नाही. मुलीला हे दोन काळ शेजारी शेजारी लिहून दाखवा, तिच्या लगेच लक्षात येईल.

खरी अडचण 'ने' आणि 'नी'ची आहे. मुलं त्याचं 'बाय' करतात. पॅसिव्हला जवळचं मराठी रूप म्हणजे 'घाट बांधले गेले', आणि त्याचं इंग्रजी 'घाट्स वेअर बिल्ट'.

पॅसिव्ह करताना कर्म पुढे आणायचं, मूळ वाक्याचा काळ 'बी'च्या रूपात उतरवायचा आणि मग क्रियापदाचं तिसरं रूप. 'बाय' शेवटी, तेही काम कोणी केलं हे सांगण्यात अर्थ असेल तरच. 'दे आर रिपेअरिंग द रोड' याचं 'द रोड इज बीइंग रिपेअर्ड' होतं. 'बाय देम' जोडायची गरज नाही. यात सर्वांत जास्त वेळा गळतो तो 'बीइंग'. तो गळाला की चालू काळ हरवतो, आणि दुरुस्ती चालू आहे हे वाक्यात उरतच नाही.

आणखी एक. ज्या क्रियापदाला कर्म नाही त्याचं पॅसिव्ह होत नाही. 'ॲन ॲक्सिडेंट वॉज हॅपन्ड' किंवा 'द बस वॉज अराइव्ड' अशी वाक्यं वहीत दिसली की तिथेच थांबवा. 'ॲन ॲक्सिडेंट हॅपन्ड' एवढंच पुरे.

प्रश्न : 'स्वराच्या आधी ॲन' हा नियम नातवाला पाठ आहे, तरी तो 'ॲन युनिव्हर्सिटी' लिहितो. 'सिन्स' आणि 'फॉर'मध्येही चुकतो. – आजोबा, रामबाग, इंदूर

उत्तर : नियम अक्षराचा नाही, उच्चाराचा आहे, आणि यात देवनागरीसारखा मदतनीस नाही. पुढचा शब्द देवनागरीत लिहायला सांगा. 'युनिव्हर्सिटी' य पासून, म्हणून 'अ'. 'अवर' आणि 'ऑनेस्ट' स्वरापासून, म्हणून 'ॲन'. 'एमएलए', 'एफआयआर' यांनाही 'ॲन', तर 'वन-रूपी कॉइन'ला 'अ'. एक सावधगिरी हवी : आपल्याकडे कानावर 'इस्कूल' पडतं, लिहिताना 'स्कूल'च लिहावं, नाहीतर ही युक्ती उलटेल.

'सिन्स' आणि 'फॉर' या दोन्हींसाठी मराठीत एकच 'पासून' आहे. सुरुवातीचा क्षण असेल तर 'सिन्स 2015', किती काळ ते मोजलं असेल तर 'फॉर फाइव्ह इयर्स'. पण निम्मी चूक क्रियापदात असते. 'मी पाच वर्षांपासून इंदूरला राहतो' यात मराठी साधा वर्तमानकाळ चालवून घेते, इंग्रजी घेत नाही : 'आय हॅव बीन लिव्हिंग इन इंदूर फॉर फाइव्ह इयर्स'. उलट 'मी त्याला काल पाहिलं आहे' यातला 'आहे' बघून 'आय हॅव सीन हिम यस्टरडे' लिहिलं की चुकतं. 'काल' आला की 'आय सॉ हिम'.

प्रश्न : मराठीतले अलंकार येत असतील तर इंग्रजीतले फिगर्स ऑफ स्पीच वेगळे करावे लागतात का? – विद्यार्थिनी, सुदामानगर, इंदूर

उत्तर : बरेचसे जुळतात. उपमा म्हणजे सिमिली, रूपक म्हणजे मेटाफर, चेतनगुणोक्ती म्हणजे पर्सॉनिफिकेशन, अतिशयोक्ती म्हणजे हायपरबोली. उत्प्रेक्षेला शाळेच्या इंग्रजीत स्वतंत्र घर नाही. 'ॲज इफ'ची कल्पना सहसा सिमिलीतच धरतात.

मात्र 'लाइक' दिसलं की सिमिली लिहून मोकळं होऊ नकोस. 'शी लुक्स लाइक हर मदर' ही साधी तुलना आहे, माणसाची माणसाशी. 'ही वर्क्स ॲज अ क्लर्क' यातही अलंकार नाही, तिथे 'ॲज' हुद्दा सांगतो. दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी एका गुणाने जोडल्या, जसं 'हिज वर्ड्स वेअर लाइक थॉर्न्स', तरच सिमिली. त्यातलं 'लाइक' काढून 'हिज वर्ड्स वेअर थॉर्न्स' केलंस की मेटाफर झाला.

अनुप्रासाची गाठ जरा वेगळी आहे. मराठीत वर्ण शब्दात कुठेही पुन्हा आला तरी चालतो. ॲलिटरेशनमध्ये मुख्यतः शब्दाच्या आरंभीचा ध्वनी पाहतात. तोही ध्वनीच, स्पेलिंग नाही. 'सिटी' आणि 'कॅट' एकाच इंग्रजी अक्षरापासून असूनही ॲलिटरेशन होत नाही. 'फोन' आणि 'फिश' यांची अक्षरं वेगळी, तरी होतं. 'नाइफ' आणि 'नेल' यांचंही होतं, कारण 'नाइफ'मधला पहिला 'के' कोणी उच्चारत नाही.