शोकाची मुदत सहा महिने की बारा?

प्रश्न : मी सोलापुरात विडी घरकुल परिसरातील एका संस्थेत समुपदेशक आहे. माझ्याकडे येणाऱ्या एका विडी कामगार बाईंचे पती आठ महिन्यांपूर्वी वारले. विड्या वळायला बसले की हात थांबतो आणि भिजवलेली पाने सुपात तशीच वाळून जातात, असे त्या सांगतात. दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाच्या विकाराविषयी इंटरनेटवर वाचले, तर कुठे सहा महिन्यांची अट दिसते, कुठे बारा. कोणावर विश्वास ठेवावा? शिवाय त्यांच्या घरची भाषा तेलुगू आहे. प्रश्नावली मराठीत वाचून दाखवली तर चालेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण वाचलेल्या दोन्ही मुदती बरोबर आहेत, त्या दोन वेगवेगळ्या ग्रंथांतल्या आहेत, एवढेच. सहा महिन्यांची अट जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात आहे, जे १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. बारा महिन्यांची अट अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानग्रंथाच्या डीएसएम-५-टीआर या मार्च २०२२ च्या आवृत्तीतील असून ती प्रौढांसाठी आहे. मुले व किशोरवयीन यांच्यासाठी तेथेही सहाच महिने धरले आहेत. त्याआधीच्या २०१३ च्या आवृत्तीत अशा शोकाला पुढील अभ्यासाच्या विभागात वेगळ्याच नावाने ठेवले होते, त्यामुळे जुने लेख वाचल्यास गोंधळ आणखी वाढतो. म्हणून कोणताही लेख उघडल्यावर तो कोणत्या ग्रंथाच्या कोणत्या आवृत्तीवर आधारलेला आहे, हे आधी पाहावे, आणि ते लिहिलेलेच नसेल तर तो लेख कामाच्या ठिकाणी वापरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आपण आयसीडी-११ हाताशी ठेवावे. ते संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येते आणि प्रत्येक निदानाचे सविस्तर वर्णन देणारा त्याचा मानसिक विकारांवरील ग्रंथही २०२४ मध्ये विनामूल्य उपलब्ध झाला आहे. डीएसएम मात्र विकत घ्यावे लागते. दुसरे कारण कायद्याचे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ३ मध्ये, मानसिक आजार ठरवताना ज्या मान्यताप्राप्त वैद्यकीय मानकांचा आधार घ्यायचा, त्यांत आयसीडीच्या अद्ययावत आवृत्तीचा नावानिशी उल्लेख आहे. कायद्याचा मूळ मजकूर केंद्र सरकारच्या ‘इंडिया कोड’ या संकेतस्थळावर वाचता येतो.

तरीही आठ महिने सहापेक्षा जास्त आहेत, म्हणून या बाईंना विकार आहे, असा निष्कर्ष कृपया काढू नये. सहा महिने ही किमान मर्यादा आहे. शिवाय तो शोक त्या व्यक्तीच्या समाजात, संस्कृतीत व धर्मात स्वाभाविक मानल्या जाणाऱ्या शोकापेक्षा स्पष्टपणे अधिक असावा आणि त्यामुळे दैनंदिन जीवन लक्षणीय रीतीने विस्कळीत झालेले असावे, असे आयसीडी-११ सांगते. आपल्याकडे वर्षश्राद्धापर्यंत सणवार न करणारी कितीतरी घरे आहेत. या बाईंच्या घरी काय पाळले जाते, हे कोणतेही संकेतस्थळ सांगू शकणार नाही. ते त्यांच्या सासूला किंवा जावेला विचारावे लागेल, अर्थात बाईंची संमती घेऊनच. सुपात वाळणारी पाने ही मात्र गांभीर्याने घेण्याजोगी खूण आहे, कारण विड्यांची मजुरी नगावर मिळते आणि हात थांबला की घरातली मिळकतही थांबते. ही नोंद त्यांच्याच शब्दांत करून त्यांना शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात पाठवावे. निदान तेथील तज्ज्ञ करतील.

आता प्रश्नावलीविषयी. नैराश्याच्या प्राथमिक तपासणीसाठी पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली वापरावी. ती परवानगीशिवाय आणि विनामूल्य वापरता येते, आणि तिची मराठीप्रमाणेच तेलुगू आवृत्तीही उपलब्ध आहे. तेलुगू आवृत्तीच घ्यावी आणि तेलुगू जाणणाऱ्या सहकाऱ्याकडून वाचून घ्यावी. मराठी प्रश्नांचा बसल्या जागी तोंडी अनुवाद करू नये, कारण असा अनुवाद दर वेळी थोडा बदलतो आणि मग या महिन्याच्या गुणांची पुढच्या महिन्याच्या गुणांशी तुलना करण्यात अर्थ उरत नाही. शेजारीण किंवा मुलगी हिला दुभाषी म्हणून बसवणे तर टाळावेच; तिच्यासमोर बाई मोकळेपणाने बोलणार नाहीत. शोध घेताना किंवा एआयला प्रश्न विचारताना बाईंचे नाव, वस्ती, कारखाना यांपैकी काहीही टाइप करू नये. आपल्या पत्रातही आपण हे वगळले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

या प्रश्नावलीत शून्य ते २७ गुण असतात आणि दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी करतात. परंतु बेरजेआधी नववा प्रश्न पाहावा. तो मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. तेथे शून्याऐवजी एक जरी गुण आला, तर एकूण गुण कमी असले तरी त्याच बैठकीत त्याविषयी थेट आणि शांतपणे विचारावे, बाईंना एकट्या घरी पाठवू नये, आणि तज्ज्ञ लगेच उपलब्ध नसतील तर बाईंच्या समोरच टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेच्या १४४१६ या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर फोन लावावा.