‘पिशवीला सूज’ आणि अंगावर काढलेली दुखणी: वाचकांचे प्रश्न

या खेपेला आलेल्या पत्रांपैकी बरीच ओटीपोटाच्या दुखण्याची आहेत. नाव-गाव ओळखू येणार नाही अशा बेताने त्यातले काही प्रश्न घेते.

प्रश्न (वय 34, देवगड तालुका): दोन महिने ओटीपोटात जड वाटतं, कंबर भरून येते, अंगावरून पिवळसर जातं, संबंधांच्या वेळी आत दुखतं. सोनोग्राफी नॉर्मल आली, तरी डॉक्टरांनी ‘पिशवीला सूज आहे’ म्हणून 14 दिवसांच्या गोळ्या दिल्या. शेजारणी म्हणतात, एकदाची पिशवीच काढून टाक.

गोळ्या आजपासून सुरू करा. योनीमार्गातले जंतू गर्भाशयाच्या तोंडातून वर चढतात आणि गर्भाशयाचं अस्तर, बीजनलिका, कधी अंडाशय यांना सूज आणतात. पू साठून गाठ झाली असेल तर ती सोनोग्राफीत दिसते, सुरुवातीची सूज बहुधा दिसत नाही. आतून तपासताना गर्भाशयाचं तोंड हलवल्यावर कळ येते, त्यावरून डॉक्टर निदान करतात. तेवढ्यावर उपचार सुरू करणं योग्यच आहे, कारण वाट पाहण्यात नलिकांचं नुकसान होतं.

चौथ्या दिवशी बरं वाटलं म्हणून गोळ्या सोडू नका. यात बहुधा डॉक्सिसायक्लिन असेल. ती जेवणानंतर भरपूर पाण्यासोबत घ्या आणि अर्धा तास आडव्या होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. लोहाची गोळी त्याच वेळी घेऊ नका. या गोळीने ऊन बाधतं, त्वचा भाजल्यासारखी लाल होते. वाळवणीवर मासळी पसरायला जात असाल तर ते पंधरा दिवस सकाळी लवकर किंवा उन्हं उतरल्यावर जा, पूर्ण बाह्यांचं घाला. दिवस गेलेत अशी जरा जरी शंका असेल तर गोळ्या सुरू करण्याआधी डॉक्टरांना सांगा. तीन दिवसांत फरक पडला नाही, किंवा ताप आणि उलट्या सुरू झाल्या, तर परत जा, दाखल व्हावं लागेल.

आणि पिशवी काढू नका. जंतुसंसर्गावर औषध आहे. पांढरं जातं, कंबर दुखते एवढ्या कारणावर चौतिसाव्या वर्षी गर्भाशय काढलेल्या बायका मी पाहते तेव्हा फार वाईट वाटतं. कुणी असा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

प्रश्न (वय 29, राजापूर): मिस्टर मुंबईला नोकरीला, गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात. ते जाऊन पंधरा दिवस झाले की माझं पोट दुखायला लागतं. दोनदा कोर्स झाला. डॉक्टरांनी ‘त्यांनाही औषध द्या’ म्हटलं, पण हे त्यांना सांगायचं कसं?

तुमच्या डॉक्टरांनी नेमकं तेच सांगितलं जे मी सांगितलं असतं. या आजारामागे अनेकदा क्लॅमिडिया किंवा गनोरिया असतो. गनोरियाला आपल्याकडे परमा म्हणतात. दोन्ही संबंधांतून पसरतात. पुरुषाला काही जाणवेलच असं नाही. क्लॅमिडिया महिनोन्‌महिने गुपचूप राहतो, त्यामुळे तो कधी आला आणि कुणाकडून आला हे ठरवता येत नाही. योनीमार्गातल्या नेहमीच्या जंतूंमुळेही ही सूज येते. तेव्हा निदान झालं म्हणजे कुणावर आरोप सिद्ध झाला, असं नाही. त्यांच्याशी बोलताना हे आधी सांगा. एवढंच म्हणा, ‘डॉक्टर म्हणाले, दोघांनी औषध घेतलं नाही तर माझं दुखणं परत येणार.’ चिठ्ठी फोनवर पाठवा, किंवा ते येतील तेव्हा सोबत दवाखान्यात न्या. काही नवरे डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की निमूट घेतात.

जिल्हा रुग्णालयात ‘सुरक्षा क्लिनिक’ असतं, तिथे तपासणी आणि औषधं मोफत मिळतात, गुप्तताही पाळतात. मुंबईतल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांतही हीच सोय आहे. तिथे जवळचं केंद्र विचारायला 1097 हा मोफत क्रमांक आहे. दोघांनी एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी करून घ्या. दोघांचेही कोर्स संपून तुमचं दुखणं थांबेपर्यंत संबंध नकोत. पुढे निरोध वापरा, तो या जंतूंपासून वाचवतो.

त्यांनी ऐकलंच नाही तर निरोधाशिवाय संबंध नाकारायचा तुम्हाला हक्क आहे. हे घरात बोलणं किती अवघड आहे ते मला ठाऊक आहे, तरी सांगते, कारण प्रत्येक वेळी नलिकांना नवी इजा होते.

प्रश्न (वय 41, वेंगुर्ला): पावसात पाळीची फडकी वाळत नाहीत. सासूबाई तुरटीच्या पाण्याने आतून धुवायला सांगतात. पांढरं जाणं तर बायकांना असतंच ना?

आतून धुऊ नका, तुरटीने नको आणि जाहिरातीतल्या द्रावणानेही नको. योनीमार्गातले चांगले जंतू त्याने मरतात आणि वाईटांना रान मोकळं मिळतं. बाहेरून साधं पाणी पुरे. दमट फडक्याने जांघेत आणि योनीमार्गात त्रास होतो. पागोळ्यांआड, कुणाला दिसू नये म्हणून दुसऱ्या कपड्याखाली वाळत घातलेलं फडकं चार दिवसांतही सुकत नाही. उघड्या हवेत घाला, इस्त्री फिरवा, नाहीतर पावसाचे चार महिने पॅड वापरा.

पातळ, पांढुरकं, वास नसलेलं जाणं नैसर्गिकच. पिवळं-हिरवट, वास मारणारं, खाज आणणारं किंवा रक्तमिश्रित असेल तर दाखवायचं. डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांमधल्या 650 स्त्रिया तपासल्या, तो अभ्यास 1989 मध्ये प्रसिद्ध झाला. 92 टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते आणि त्याआधी तपासणी झाली होती फक्त 8 टक्क्यांची. सगळ्यांनाच आहे म्हणून ते निरोगी ठरत नाही.

प्रश्न (वय 26, मुरुड): तांबी बसवली की पिशवीला सूज येते का?

आधीच संसर्ग असेल तर बसवल्यानंतरच्या पहिल्या तीन आठवड्यांत धोका थोडा वाढतो. म्हणून आधी तपासून घ्या. नंतर तांबीमुळे धोका राहत नाही.

प्रश्न (वय 27, गुहागर): लग्नानंतर पहिल्या वर्षी मेडिकलमधून गोळ्या आणून गर्भ पाडला. नंतर कितीतरी दिवस ताप आणि पोटदुखी होती, कुणाला बोलले नाही. आता दोन वर्षं दिवस राहत नाहीत.

गर्भपात अपुरा राहिला की आतल्या अंशात जंतू वाढतात, तुम्हाला तेच झालं असण्याची शक्यता आहे. गर्भपात कायदेशीर आहे, 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर होतो. तुम्हाला लपून गोळ्या आणाव्या लागल्या, यात दोष तुमचा नाही.

स्वीडनमध्ये हा आजार झालेल्या स्त्रियांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा झाला. एकदाच सूज येऊन गेलेल्यांपैकी सुमारे 8 टक्क्यांना नलिका खराब झाल्याने मूल झालं नाही. दोनदा आलेल्यांत 20 टक्के, तीन किंवा जास्त वेळा आलेल्यांत 40 टक्के. म्हणजे तुमची बाजू अजून भक्कम आहे. पाळी संपल्यावर लगेचच्या दिवसांत नळ्यांचा एक्स-रे काढतात, तो करून घ्या. क्षयरोगानेही आपल्याकडे नलिका बंद होतात, त्याची तपासणी विचारा, औषधं सरकारी केंद्रात मोफत आहेत. मिस्टरांची वीर्यतपासणी सुरुवातीलाच करा.

आणि पाळी चुकून तपासणीची पट्टी दोन रेघा दाखवेल तेव्हा आनंदात एक काम विसरू नका: पंधरा दिवसांत सोनोग्राफी करून गर्भ पिशवीतच आहे ना, बघून घ्या. खराब नलिकेत गर्भ अडकू शकतो. एका बाजूला कळ, चक्कर, खांद्यात दुखणं असं झालं तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करून शस्त्रक्रियेची सोय आहे तिथेच जा. ते रुग्णालय कोणतं आणि रात्री तिथे डॉक्टर असतात का, हे आत्ताच विचारून ठेवा.