सीआरएम पहिल्यांदाच शिकवताय? एका कमेंटपासून सुरुवात करा

मॅडम, टीवायबीकॉमच्या मुलांना रील कसं टाकायचं ते शिकवायला जाऊ नका, तीच तुम्हाला शिकवतील. त्यांना ठाऊक नसतं ते पुढचं: पोस्टखाली ‘प्राइस प्लीज’ लिहिणारा माणूस बिलापर्यंत पोहोचतो कसा.

फराळ विकणारा एक काल्पनिक गृहउद्योग घ्या. एक कमेंट उचला, सीआरएममध्ये (म्हणजे ग्राहकांच्या नोंदी ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तिची लीड, म्हणजे संभाव्य ग्राहकाची नोंद, करा, ‘लीड सोर्स’मध्ये इन्स्टाग्राम टाका, पुन्हा फोन कधी करायचा ती तारीख घाला, मग ऑर्डर. हीच वाट दहा वेळा चालायला लावा. झोहो सीआरएमची मोफत आवृत्ती ३ जणांपुरती असते, म्हणून गटही तिघांचेच.

नवखे हमखास अडखळतात ते इथे:

- सोर्सचा रकाना रिकामा सोडतात. मग महिनाअखेरच्या रिपोर्टमध्ये काय कपाळ दिसणार?
- इन्स्टावरची ‘सोनू_०७’ आणि व्हॉट्सअ‍ॅपवरची सोनाली एकच, पण नोंदी दोन. माझ्या पहिल्या बॅचने त्यात खरे नंबर भरले होते. एका काकूंना चकलीसाठी तीनदा फोन गेला! तेव्हापासून माहिती फक्त खोटी.

ऑटोमेशन, डॅशबोर्ड वगैरे पुढच्या सेमिस्टरला. आणि हो, लॅबचं नेट ऐन प्रॅक्टिकलला जातंच, तेव्हा याच रकान्यांचा तक्ता एक्सेलमध्ये तयार ठेवा.